गाळाची माती

शकुबाईनं कुंडी उलटी धरली आणि बुडावर तळहाताची थाप मारली. आतला मातीचा गोळा सबंधच्या सबंध तिच्या हातात आला. वरून तो तडकून विटेसारखा झाला होता आणि बुडाशी नुसता चिखल होता. जंबेरीचं वीतभर रोप त्यात उभं होतं खरं, पण मातीला टेकलेली त्याची मान काळी पडली होती. तिनं बोट लावलं तसं ते आडवं झालं.

"हेबी गेलं, बाबूजी," ती म्हणाली.

प्रभाकरराव तिच्या शेजारी उकिडवे बसले. त्यांनी गोळा फोडला, चिखल नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं.

"वर तडकते, खाली सडते. शेतात हीच काळी माती कापसाला इतकी चांगली. कुंडीत घातली की पाणी धरून बसते आणि मुळं गुदमरतात."

"मंग रेती घालू ना तेच्यात."

"मागच्या खेपेला घातली होती की. पाणी उतरलं, पण कसही उतरला. पिवळी पडून मेली सगळी."

"आन् शेनखत?"

"ते कच्चं निघालं. मुळं पोळली. मीच नीट पाहून घ्यायला हवं होतं."

शकुबाईनं मेलेलं रोप बाजूला ठेवलं आणि पुढची कुंडी उचलली.

वर्ध्या-नागपूरचा मुलूख आता मुंबईला जोडणार, असं ज्या वर्षी जो तो बोलत होता, त्या वर्षीची ही गोष्ट. सिंदी स्टेशनापासून कोसभरावर, नदीच्या वळणाला पुंडलिकरावांचा संत्र्याचा बगीचा होता. संत्र्याचं झाड लावायचं तर आधी जंबेरीचं रोप वाढवावं लागतं, मग त्याच्या खोडावर संत्र्याचा डोळा भरून कलम करतात. वाफ्यातून उपटून नेलेली रोपं लांबच्या गावी पोचेपर्यंत माना टाकत. म्हणून ती लहानपणापासून कुंडीतच वाढवावी आणि कुंडीसकट विकावी, असं पुंडलिकरावांनी ठरवलं होतं. त्यासाठी नागपूरला शेतीचं शिक्षण घेतलेले प्रभाकरराव त्यांनी आणले आणि कुंड्या भरायला गावातल्या बाया लावल्या. वाफ्यात रोपं उत्तम यायची. कुंडीत गेली की मरायची.

त्या दिवशी दुपारी पुंडलिकराव स्वतः आले. मेलेल्या रोपांच्या ढिगाकडे त्यांनी पाहिलं आणि छत्री मिटली.

"प्रभाकरराव, आता अखेरचे रोपं राह्यले वाफ्यात. हेबी मेले तं मी इथं ऊस लावतो. बायाइले सांगून ठेवा."

"माती मिळाली की जमेल, पुंडलिकराव. रोपात दोष नाही."

"माती काय कमी हाय का वर्ध्या जिल्ह्यात?" असं म्हणून ते निघून गेले.

बाया एकमेकींकडे पाहत राहिल्या. कोकिळा नावाची एक तरुण बाई होती, ती म्हणाली, "मंग आपन कोठी जाचं? कापूस वेचाले? त्यो तं झाला." शकुबाई पुढची कुंडी उलटी करत राहिली. तिची भीती मजुरीपायी नव्हती.

शकुबाईला पस्तिशी लागली होती. तिचा नवरा रूपराव दोन बैलांच्या गाडीवर लोकांचा माल वाहायचा. लग्नाला खूप वर्षं झाली तेव्हा कुठं घरात पाळणा हलला. आधीची दोन मुलं जन्मतानाच गेलेली. तिसरी लीला. ती जगली, रांगली, भिंत धरून उभी राहिली, बापाला 'बा' म्हणू लागली. मग एका चैत्रात गावात देवीची साथ आली. लीलाच्या अंगावर इतके फोड उठले, की तिला कुशीत घ्यायचं तर कुठं धरावं ते शकुबाईला कळेना. तिसऱ्या दिवशी पोर गेली. लहान लेकरांना जाळत नाहीत, पुरतात. आणि बाया तिकडे जात नाहीत. रूपरावानं बायकोच्या जुन्या लुगड्यात पोरीला गुंडाळलं, खांद्याशी धरलं आणि दोन माणसं सोबत घेऊन तो नदीकडे गेला. शकुबाई दारात उभी राहिली. तो परत आल्यावर तिनं त्याला काही विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

त्यानंतर ती घरातल्या मागच्या भिंतीकडे तोंड करून बसली. कोणी वाढलं तर दोन घास खायची. कोणी उठवलं तर उठायची. शेजारणी आधी रोज यायच्या, मग यायच्या बंद झाल्या. रूपराव पहाटे भाकरी थापायचा, तिच्यापुढे ठेवायचा आणि गाडी जुंपायचा. पुढल्या वर्षी पुंडलिकरावांना बाया हव्या आहेत असं त्याच्या कानावर आलं, तेव्हा त्यानं तिला हाताला धरून गाडीत बसवलं आणि वाफ्याजवळ नेऊन सोडलं. पहिले काही दिवस ती नुसती बसून राहिली. मग एकदा शेजारची बाई रोप उपटताना मूळ तोडते आहे हे पाहून ती म्हणाली, "अशी नको वं ओढू. तुटते ते." कितीतरी महिन्यांनी ती आपणहून बोलली होती. त्या संध्याकाळी तिनं घरी जाऊन चूल पेटवली.

म्हणून पुंडलिकरावांचं बोलणं ऐकून तिला मागची भिंत आठवली.

प्रभाकररावांनी दुसऱ्या दिवसापासून माती शोधायचा सपाटाच लावला. माळावरची तांबडी माती आणली, ती मुरमाड निघाली. तळ्याच्या तळाचा गाळ आणला, तो वाळला की काळ्या मातीसारखाच तडकला. थोड्या थोड्या कुंड्या भरून ते ओळीनं मांडायचे, पाणी घालायचे आणि बुडाच्या भोकातून ते कधी बाहेर येतं ते वाकून पाहत बसायचे. माती वाहायला त्यांनी रूपरावाची गाडी लावली होती. दोघं मिळून गाडीवर बसून फिरायचे. एक दिवस सकाळी गेले ते दुपारी परतले. गाडीत माती होती. प्रभाकररावांचा चेहरा फुलला होता.

"शकुबाई, इकडे या. हात पुढे करा."

त्यांनी तिच्या ओंजळीत ती माती टाकली. तपकिरी होती, पिठासारखी मऊ, आणि आत गार होती.

"मूठ आवळा."

तिनं आवळली.

"आता उघडा, आणि बोटानं जरासं टोचा."

मुठीत मुटका झाला होता. बोट लागताच तो अलगद विस्कटला. चिकटला नाही, रेतीसारखा निसटलाही नाही.

"अशी हवी," प्रभाकरराव म्हणाले. "नदीनं वर्षानुवर्षं आणून टाकलेला गाळ आहे. यात जुनं कुजलेलं शेणखत मिसळू आणि थोडी रेती. बस. यानंही नाही जगली तर मी नागपूरची गाडी पकडतो."

शकुबाई हसली. "कोठची हाय हो माती, बाप्पा? पीठच हाय निरा."

तिनं हे रूपरावाला विचारलं होतं. तो बैलांच्या मानेवरचं जू उतरवत होता. "नदीची हाय," तो म्हणाला आणि बैल घेऊन पाण्यावर गेला.

मग कामाला जोर आला. रूपराव रोज एक-दोन खेपा आणून टाकायचा. बाया माती चाळायच्या, शेणखत मिसळायच्या. शकुबाई कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवायची, अर्धी कुंडी भरायची, रोप मधोमध धरून बाजूनं माती सोडायची आणि अंगठ्यांनी हलकेच दाबायची. कुंड्या आंब्याच्या सावलीत मांडल्या. आठवडा गेला आणि एकाही रोपानं मान टाकली नाही. शेंड्याला पोपटी पालवी फुटू लागली. फाल्गुनाच्या उन्हात सगळा मुलूख करपून चालला होता आणि या सावलीत तेवढा हिरवा रंग होता. शकुबाई सकाळी आली की आधी एक चक्कर मारायची, मग पदर खोचायची. एकदा कोकिळेनं तिला गुणगुणताना ऐकलं आणि बाकीच्या बायांना खुणेनं गप्प बसवलं.

रूपराव मात्र गप्प होत गेला. पुंडलिकरावांनी काम लवकर उरकावं म्हणून दुसरी गाडी द्यायचं म्हटलं, तर तो एकदम बोलला, "नाई. मीच आनतो. दुसरा कोनी नको." त्याच्या हाताखाली खणायला गडी दिला, त्यालाही त्यानं परत पाठवलं. घरी तो जेवताना पानातलं तसंच ठेवून उठायचा.

"बरं नाई का तुमाले?" शकुबाईनं विचारलं.

"थकलो."

"मंग दोन दिस बसा ना घरी."

"बसतो. हे रोपं लागू दे."

तिला वाटलं, माझ्यासाठी राबतो आहे. ते खरंच होतं.

चैत्र लागून दोन-चार दिवस झाले असतील. अखेरच्या काही कुंड्या भरायच्या राहिल्या होत्या. बाया नव्या ढिगाजवळ बसून माती चाळत होत्या. कोकिळेनं चाळण हलवली. खडे, मुळ्या, शिंपल्यांचे तुकडे वर राहिले. ती ते फेकणार, तेवढ्यात तिचा हात थांबला. तिनं चाळणीतून काहीतरी दोन बोटांत उचललं, लुगड्याला पुसलं आणि पाहिलं.

काळ्या-पांढऱ्या मण्यांची मनगटी होती. लहान मुलाला दृष्ट लागू नये म्हणून हातात घालतात ती. अर्धे मणी गळून गेले होते, उरलेले कुजलेल्या दोऱ्यात अडकले होते. एवढंसं वेटोळं. दोन बोटंही त्यातून गेली नसती.

कोकिळा ओरडली नाही. तिनं चाळण खाली ठेवली आणि हळूच विचारलं, "हे माती कोठची हाय?"

बाकीच्यांच्या चाळण्या हलतच राहिल्या. तिनं पुन्हा विचारलं, या वेळी मोठ्यानं. मग एक म्हातारी बाई म्हणाली, "बाभूळबनातली तं नसंन?" आणि बोलल्या बोलल्या तिनं तोंडावर हात दाबला.

नदीच्या वरच्या अंगाला बाभळींचं बन होतं. गावातली लहान लेकरं तिथं पुरत. म्हणून उगाच तिकडे कोणी फिरकत नसे, गुरंही कोणी चारायला नेत नसे. खणायला सोपी, मऊ माती म्हणूनच जुन्या लोकांनी ती जागा निवडली असणार. कोकिळेचा सहा महिन्यांचा मुलगा मागच्या पावसाळ्यात तिथं ठेवला होता.

बायांनी हात झटकले. कोणी पदराला पुसू लागल्या, कोणी नुसतेच समोर धरून बसल्या. शकुबाईचे दोन्ही हात मनगटापर्यंत त्या मातीत होते. तिनं ते बाहेर काढले नाहीत.

प्रभाकरराव धावत आले. त्यांना नीट कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ते आंब्याच्या बुंध्याला टेकले.

"मी विचारलं होतं," ते म्हणाले. "रूपरावांना मी तिथं उभं राहून विचारलं होतं, इथं कोणाची हरकत नाही ना? ते म्हणाले, कोणाची असणार, नदीची जागा आहे."

मग सगळ्या शकुबाईकडे पाहू लागल्या.

तेवढ्यात रूपरावाची गाडी बांधावरून खाली उतरली. भरलेली होती. त्यानं बायांचा घोळका पाहिला, कोकिळेच्या हातातलं पाहिलं आणि बैल थांबवले. गाडीवरून खाली मात्र उतरला नाही.

शकुबाई उठली. "बाभूळबनातून आनली का?"

"हो."

"समदी?"

"हो."

कोकिळेनं ढिगातलं ढेकूळ उचलून त्याला मारलं. ते त्याच्या छातीवर फुटलं. "मेल्या, तुहीबी पोरगी हाय ना तठी! तुह्या हाताले कापरं नाई भरलं?" ती आणखी ढेकळं मारत राहिली आणि तो मारून घेत राहिला. शेवटी तीच खाली बसली आणि मनगटी मुठीत आवळून रडू लागली. "माह्याच बाळ्याची हाय हे," ती म्हणत होती. "मीच ओवलीती."

शकुबाईच्या ओठांवर आलं होतं, की लीलाच्या हातातही अशीच होती. गावातल्या साऱ्याच लेकरांच्या हातात अशीच असते.

त्या संध्याकाळी घरी चूल पेटली नाही. दिवेलागणीला रूपराव ओट्यावर बसला होता, शकुबाई आत दाराशी. दोघांच्या मध्ये उंबरठा होता.

"नाई म्हनता नाई आलं तुमाले?"

"आलं असतं."

"मंग काऊन नाई म्हनलं?"

तो म्हणाला, "बाबूजीनं मूठभर माती घेतली, आन् त्यो लेकरावानी हासला. म्हने, भेटली. म्हने, आता काम बंद नाई होत. मले तू दिसली. त्या भितीकडं तोंड करून बसलेली."

शकुबाईनं मान खाली घातली.

"मी नाई म्हनलं असतं तं वाफे मोडले असते. तू पुन्ना तठीच जाऊन बसली असती. एक गेली, तिले मी पोचवून आलो. दुसरीले पोचवाची ताकत नवती माह्यात." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "आन् दुसऱ्याची गाडी गेली असती तं त्यानं कोठीबी फावडं मारलं असतं. मी कडंकडंनं खांदत होतो. लीलाची जागा मले ठाव हाय. तिच्याजवळ नाई गेलो मी."

"आन् बाकीच्याइचे?"

"त्याइचे ठाव नवते," तो म्हणाला.



दुसऱ्या दिवशी गावातली चार जाणती माणसं बगीच्यात आली. पुंडलिकराव त्यांच्या आधीच येऊन उभे होते. "माह्या जमिनीत हे माती मले नाई पाय्जे," ते सांगत होते. "आजच्या आज जशी आनली तशी नेऊन टाका." जाणत्यांचंही तेच म्हणणं होतं. ढिगातली माती परत जाईल आणि कुंड्यांतलीही.

"कुंड्यांमधली रोपं आता कुठं लागली आहेत," प्रभाकरराव म्हणाले. "या उन्हात माती काढली तर एकही जगणार नाही. पावसापर्यंत थांबा. जमिनीत लावताना मी स्वतः माती सोडवून घेईन."

कोणी ऐकलं नाही. कोकिळा म्हणाली, "बाबूजी, माह्या लेकरावर झाड वाढवाचं का? आन् ते कोनी ईकत नेईन?" त्यावर प्रभाकररावांनी सदऱ्याच्या बाह्या सरसावल्या आणि पहिली कुंडी उचलली. ती त्यांच्या हातून फुटली.

शकुबाई पुढे झाली. "द्या इकडं, बाबूजी. मी करतो."

दिवसभर ती तेच करत होती. कुंडी उलटी करायची, थाप मारायची, गोळा हातात घ्यायचा. या वेळी गोळा विटेसारखा नव्हता. पांढऱ्या बारीक मुळ्यांनी त्याला चारी बाजूंनी विणून टाकलं होतं. मुळांनी माती इतकी घट्ट धरली होती, की ती सोडवायला बोटं आत घालून एकेक मूळ उकलावं लागत होतं. माती पाटीत पडायची. उघडं रोप ती बाजूच्या ओल्या पोत्यावर ठेवायची. बाकीच्या बाया काही वेळ लांबून पाहत होत्या. मग एकेक करून जवळ येऊन बसल्या. कोकिळाही आली.

प्रभाकरराव पोत्यांवर पाणी शिंपडत फिरत होते. त्यांनी जुन्या वाफ्यात काही रोपं घाईघाईनं पुरूनही पाहिली. ऊन चढलं तशी पालवी मलूल झाली, दुपारपर्यंत पानं गुंडाळली. संध्याकाळी त्यांनी पाण्याची झारी खाली ठेवली आणि हात धुतले.

चार दिवसांनी ते सिंदीहून नागपूरच्या गाडीत बसले. निघताना शकुबाईला भेटायला घरापर्यंत आले होते. दारात उभे राहून म्हणाले, "तुमचा हात चांगला आहे, शकुबाई. दुसरीकडे कुठं रोपांचं काम निघालं तर मी कळवीन." "कळवजो, बाबूजी," ती म्हणाली. कळवायला कोण येणार हे दोघांनाही ठाऊक होतं.

रूपरावाच्या गाडीला कोणी बोलावेनासं झालं. कापसाचे दिवस सरले होते, पण लग्नसराई तोंडावर होती. वऱ्हाडाला, लाकडाला, कशालाच कोणी त्याला विचारलं नाही. तो रस्त्यानं निघाला की बाया लेकरांना आत घ्यायच्या. त्याला एकच काम उरलं होतं, माती परत नेण्याचं. त्या मातीला दुसरं कोणी हात लावायला तयार नव्हतं. रोज सकाळी तो रिकाम्या बगीच्यात जायचा, ढीग उपसून गाडी भरायचा आणि बाभूळबनाकडे न्यायचा.

शेवटच्या खेपेला कुंड्यांतून काढलेली माती होती. रूपरावानं गाडी भरली, फावडं वर टाकलं आणि कासरा हातात घेतला. पाहतो तर शकुबाई बगीच्याच्या फाटकाशी उभी.

"मीबी येतो," ती म्हणाली.

"बाया नाई येत तठी."

"मी येतो."

त्यानं बैल थोपवून धरले. तिनं चाकाच्या मधल्या तुंब्यावर पाय दिला आणि मातीवर चढून बसली.

बाभूळबनात वारा नव्हता. सावली विरळ होती आणि खाली वाळक्या शेंगांचा खच पडला होता. नदी आटून पलीकडच्या काठाशी गेली होती. जिथून माती नेली होती तिथं मोठा खड्डा पडला होता, तो आता परत आणलेल्या मातीनं बराचसा भरला होता. दोघांनी मिळून गाडी रिकामी केली. त्यानं माती पसरली, तिनं ती हातानं सारखी केली. मग रूपरावानं बैल सोडले आणि बाभळीच्या फांद्या तोडून त्यावर काटे टाकले, कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नये म्हणून.

ते झाल्यावर शकुबाई म्हणाली, "लीला कोठी हाय?"

तो जागच्या जागी उभा राहिला. मग चालू लागला, ती त्याच्या मागे. एका बाभळीशी तो थांबला. तिच्या खोडाकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं. मागच्या भादव्यातल्या पुरानं काठ बराच कापून नेला होता. झाडांची मुळं उघडी पडून लोंबत होती. तो दुसऱ्या बाभळीकडे गेला. तिथून पुन्हा पहिलीकडे आला.

"अठी," हात पुढे करून तो म्हणाला.

"अठी?"

"हो. हे झाड तवा लहान होतं..." हात त्यानं अजून तसाच धरला होता, आणि तो एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला झुकत होता.

शकुबाईनं त्याच्या हाताकडे पाहिलं. मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला जागा ठाऊक नव्हती. कदाचित ती जागा आता काठावर नव्हतीच, पुराबरोबर कुठल्या कुठं गेली असेल. कदाचित पहिल्याच गाडीत भरली गेली असेल. हे तोही जाणत होता, पहिल्या दिवसापासून जाणत असेल.

ती त्याच्या हाताखालीच खाली बसली. वाळक्या शेंगा तिनं बाजूला सारल्या आणि जमिनीवर तळहात टेकला. वरच्या फांदीवर एक होला सारखा घुमत होता.

"बरी जागा पाह्यली तुमी," ती म्हणाली. "सावली हाय."

रूपरावानं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. तिनं तिकडे पाहिलं नाही. ती उठली, काठ उतरून वाळूतून नदीपर्यंत गेली आणि लुगड्यासकट पाण्यात बसली. घोटाभर पाणी होतं. ओंजळीनं तिनं ते डोक्यावर घेतलं.

वर आली तेव्हा रूपराव गाडी जुंपायला लागला होता. एका हातानं जू पेलून दुसऱ्या हातानं बैलाच्या गळ्याखाली जोतं बांधू पाहत होता, आणि त्याला ते जमत नव्हतं. शकुबाई ओलेत्यानंच पलीकडच्या बैलाजवळ गेली, आणि तिनं जुवाचं दुसरं टोक उचलून धरलं.